म्हातारा नवरदेव: क्रानाखची चित्रं आणि आपली ‘शारदा’

केळव्याहून बोलतेय. मागे सुरूच्या झाडांचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

आज विषय आहे जरठ-कुमारी विवाह, म्हणजे म्हातारा नवरा आणि कोवळी बायको. युरोपात पाचशे वर्षांपूर्वी ही जोडी चित्रकारांचा आवडता विनोद होती. विटेनबर्गच्या दरबारातला चित्रकार लुकास क्रानाख. त्याने आणि त्याच्या कारखान्याने हा विषय पुन्हा पुन्हा रंगवला. दात पडलेला म्हातारा मुलीला कवटाळतोय, गालात हसतोय आणि तिचा हात हळूच त्याच्या पैशाच्या थैलीत! अँटवर्पच्या क्वेंटिन मात्सिसचं असंच एक चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात ती म्हाताऱ्याची हनुवटी कुरवाळते आणि थैली मागे उभ्या विदूषकाकडे सरकवते. टेबलावर पत्ते पडलेत. म्हणजे डाव कोण हरलंय ते बघणाऱ्याला कळतं.

क्रानाखने उलटी जोडीही काढली, श्रीमंत म्हातारी आणि तरणा पोरगा. तिथे पैसे ती देते.

आता आपल्याकडे या. या विषयावरची आपली सगळ्यात गाजलेली कलाकृती चित्र नाही, नाटक आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’, साल 1899. किर्लोस्कर मंडळींनी ते रंगभूमीवर आणलं. पुढे बालगंधर्वांनीही शारदेची भूमिका केली. नवरदेव भुजंगनाथ पंचाहत्तरीचा, श्रीमंत. लग्न जमवणारा भद्रेश्वर दीक्षित. आणि मुलीचा बाप कांचनभट, पैशासाठी लेक द्यायला तयार.

नीट बघा, थैली इथेही आहे. पण मुलीचा हात त्यात नाही. पैसा बापाकडे आणि मध्यस्थाकडे जातो. क्रानाखच्या चित्रात मुलगी लबाड, म्हणून आपण दोघांनाही हसतो. देवलांनी हसू फक्त भुजंगनाथ, दीक्षित आणि कांचनभट यांच्यावर ठेवलं. शारदेवर हसायची सोयच ठेवली नाही. उलटी जोडी तर आपल्या रंगभूमीवर येणार कुठून? विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने 1856 मध्येच परवानगी दिली होती, पण समाजाने कुठे दिली होती!

आणि लग्न मोडतं कशावर? मुलीला नको आहे, यावर नाही. कोदंड भर मांडवात येऊन सांगतो की वधू-वर एकाच गोत्राचे आहेत. म्हणजे मुलीच्या ‘नको’ला वजन नव्हतं, गोत्राला होतं. लग्न मोडल्यावर शारदा जीव द्यायला निघते, कारण मांडवातून परतलेल्या मुलीला पुढे जागाच नव्हती. मला वाटतं, नाटकातली सगळ्यात बोचरी गोष्ट हीच.

हे मी का सांगतेय? माझी आजी इथेच ओटीवर बसून पानमळ्यातली पानं मोजायची. रेडिओवर ‘शारदा’तलं म्हाताऱ्यावरचं पद लागलं की घर हसायचं. आजी हसायची नाही. तिच्या आईला अकराव्या वर्षी चाळिशी उलटलेल्या बिजवराला दिली होती. आजी एकदाच म्हणाली, “गावाने नवऱ्याची थट्टा केली गो, पण पोरीला कोणी विचारलं नाय.” त्यानंतर ते पद मला पहिल्यासारखं ऐकू येत नाही.

मग कायदा आला, 1929 साली. मुलीचं वय किमान चौदा, मुलाचं अठरा. आपण त्याला शारदा कायदा म्हणतो आणि कित्येकांना वाटतं की नाव नाटकावरून पडलं. तसं नाही, ते कायदा मांडणारे हरबिलास सारडा यांचं. आज मुलीचं वय अठरा, मुलाचं एकवीस. पण दोघांतल्या अंतराबद्दल कायदा तेव्हाही बोलला नाही, आजही बोलत नाही. म्हणजे मुलगी अठराची झाली की भुजंगनाथाला कायद्याची आडकाठी नाही. उरतो एकच प्रश्न, ती खरंच ‘हो’ म्हणाली का?

तुमच्या घरात अशी एखादी पणजी असेल तर तिचं लग्न कोणी ठरवलं, कितव्या वर्षी, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. विचारायला उशीर करू नका. माझे बरेच प्रश्न राहून गेले.

भेटू पुढच्या भागात.