केमो झाली, घरी आलो... पुढचे ४८ तास

केमोची औषधं सलाईन संपली की शरीरातून लगेच जात नाहीत. साधारण ४८ तास, काही औषधांच्या बाबतीत त्याहून जास्त काळ, ती लघवी, शौच, उलटी यांतून थोडी थोडी बाहेर पडतात. त्यामुळे त्या दिवसांत कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करा. भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर भरपूर पाणी हळू ओता, शिंतोडे उडू देऊ नका. उलटीची बादली, खराब झालेली चादर हाताळताना हातमोजे हवेतच. कपडे वेगळे, दोनदा धुवा. धुणं-भांडी करणाऱ्या मावशींनाही हे सांगा, त्यांना कोणी सांगतच नाही! घरात गरोदर बाई असेल तर ही कामं तिच्याकडे नकोत. केमोच्या गोळ्या कुटू नका, उघड्या हातानं धरू नका.

मिठी मारा, शेजारी बसून जेवा, खुशाल. नातवंडांना उगाच लांब ठेवू नका. सर्दी-ताप असेल तरच ठेवा.

आणि थर्मामीटर उशाशी असू द्या. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की मध्यरात्र असली तरी डॉक्टरांना फोन. आधी क्रोसिन देऊन ‘बघू सकाळी’ म्हणायचं नाही: पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत बळावतो.