आधी हिशेब, मग चाल : शाळेतील रोबो आणि गणित

सहावी ते आठवी ही शालेय गणितातली वळणाची वर्षे आहेत. पाचवीपर्यंतचे गणित बहुतांशी मोजता आणि वाटता येणाऱ्या वस्तूंच्या आधाराने चालते. त्यानंतर मात्र गुणोत्तर, प्रमाण, ऋण संख्या, बीजगणितातील चल आणि कोनांचे परस्परसंबंध अशा हाताने धरता न येणाऱ्या कल्पना एकामागून एक येऊ लागतात, आणि नेमक्या याच वर्षांत अनेक मुले गणितापासून दुरावतात. या कल्पना पुन्हा हाताशी आणण्याचे एक साधन म्हणून रोबोटिक्सकडे, म्हणजे मोटार, संवेदक आणि संगणकीय सूचना यांच्या साहाय्याने आपोआप हालचाल करणारी यंत्रे बनवण्याच्या विद्येकडे, आज अनेक शिक्षक आशेने पाहत आहेत. ही आशा रास्त आहे. परंतु रोबो तयार झाला म्हणून गणित आले, असे होत नाही. यंत्र चालू करण्यापूर्वी त्याची चाल कागदावर मांडण्याची शिस्त शिक्षकाने लावली, तरच प्रकल्पातून गणित हाती लागते.

प्रकल्प हाती घेऊन शिकण्याचा विचार जुना आहे. अमेरिकेतील तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी 1896 मध्ये शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा काढून सुतारकाम, स्वयंपाक, विणकाम अशा कामांभोवती शालेय विषय गुंफले, आणि त्यांचे अनुयायी विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये प्रकल्प पद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी केली. महाराष्ट्रात 1937 च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी पुढे आणलेली नई तालीमही हस्तोद्योगाला शिक्षणाचा कणा मानत होती. सूतकताई करताना सुताची लांबी, वजन आणि लागलेला वेळ यांच्या नोंदींतून अंकगणित शिकावे, असा तिचा आग्रह होता. या परंपरेत संगणक आणला तो दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या गणितज्ञ सेमूर पॅपर्ट (1928–2016) यांनी. जिनिव्हा येथे बालमनाचे अभ्यासक झां पियाजे यांच्याबरोबर काम करून ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आले आणि 1967 मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. त्या भाषेतील सूचनांनुसार जमिनीवर फिरणारा आणि पोटाशी बसवलेल्या पेनने रेषा काढणारा चाकांचा छोटा रोबो ‘कासव’ म्हणून ओळखला गेला. पॅपर्ट यांचे ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक 1980 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि 1998 मध्ये लेगो कंपनीने शाळांतून लोकप्रिय झालेल्या आपल्या रोबो-संचाला त्याच पुस्तकाचे नाव दिले.

कासवाच्या एका साध्या कामातून या पद्धतीचे मर्म उलगडते. चौरस काढायचा तर ठरावीक अंतर पुढे जाणे आणि 90 अंश वळणे ही जोडी चार वेळा करावी लागते, हे मुलांना लगेच उमगते. त्यानंतर समभुज त्रिकोण काढायला सांगितला की त्रिकोणाचा प्रत्येक कोन 60 अंशांचा असतो हे पाठ असल्यामुळे बहुतेक मुले 60 अंश वळण्याची सूचना देतात, आणि कासव त्रिकोण पूर्ण करण्याऐवजी षट्कोनाच्या तीन बाजू काढून थांबते. कासव आकृतीच्या आतला कोन वळत नाही, तर आपल्या चालीची दिशा बदलते, म्हणजे बाह्यकोनातून वळते. म्हणून त्याला 180 मधून 60 वजा करून येणारे 120 अंश वळावे लागते. आकृती पूर्ण करून ते पुन्हा पहिल्या दिशेला तोंड करते तेव्हा त्याची एक पूर्ण गिरकी झालेली असते, आणि बहिर्वक्र बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज 360 अंश असते हे पाठ्यपुस्तकातील विधान डोळ्यांसमोर घडते. मग सुसम पंचकोनासाठी 72 अंश हे उत्तर मुले स्वतःच काढतात. यासाठी महागडा संच लागतोच असे नाही. शाळेच्या पटांगणात खडूने रेषा आखत एका मुलाने कासव व्हावे आणि दुसऱ्याने त्याला सूचना द्याव्यात, एवढ्यानेही हा धडा होतो, कारण आपल्या शरीराच्या वळण्यातून कोन समजून घेणे हाच पॅपर्ट यांच्या विचाराचा गाभा होता.

रोबोला ठरावीक अंतर चालवणे ही त्यापुढची पायरी होय. शाळेतल्या छोट्या गाडीला सहसा 6.5 सेंटीमीटर व्यासाची चाके असतात. व्यासाला पायने, म्हणजे सुमारे 3.14 ने, गुणले की परिघ सुमारे 20.4 सेंटीमीटर येतो, आणि चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढीच पुढे सरकते. म्हणून एक मीटर जाण्यासाठी सुमारे 4.9 फेरे लागतील, असा त्रैराशिकाचा हिशेब मांडता येतो. येथे मोजमापाच्या काटेकोरपणाला प्रथमच खरी किंमत येते, कारण व्यास मोजताना दोन मिलिमीटरची चूक झाली तर मीटरभराच्या अंतरात सुमारे तीन सेंटीमीटरचा फरक पडतो. वहीत ही चूक दशांश चिन्हानंतरची क्षुल्लक बाब वाटते. जमिनीवर आखलेल्या रेषेच्या अलीकडे थांबलेली गाडी मात्र ती दुर्लक्षित राहू देत नाही.

स्वस्त मोटारींना आपले फेरे मोजता येत नसल्यामुळे प्रत्यक्षात गाडी किती सेकंद चालवायची, एवढेच अनेकदा मुलांच्या हातात असते. एक, दोन, तीन, चार सेकंद गाडी चालवून, प्रत्येक वेळी अंतर मोजून, तीच कृती पुन्हा पुन्हा करून सरासरी काढली आणि वेळ व अंतर यांचा आलेख काढला, तर बिंदू बहुधा एका सरळ रेषेच्या आसपास पडतात. त्या रेषेचा चढ म्हणजेच गाडीचा वेग होय. परंतु ही रेषा अनेकदा आरंभबिंदूतून जात नाही, कारण गाडीला वेग घ्यायला क्षणभर लागतो आणि थांबतानाही ती थोडी पुढे घरंगळते. दुप्पट वेळ दिला की दुप्पट अंतर कापले जाईल, हा समप्रमाणाचा नियम येथे तंतोतंत लागू पडत नाही, आणि आठवीच्या उंबरठ्यावरील मुलाला रेषीय संबंध आणि समप्रमाण यांतला भेद प्रयत्नपूर्वक काढलेल्या स्वतःच्या आलेखातून कळतो. बॅटरी उतरू लागली की तोच वेग बदलतो आणि गणिती प्रारूप कोणत्या परिस्थितीत खरे असते, हा पुढचा प्रश्न उभा राहतो.

इतर भागांतही असेच गणित दडलेले असते. 8 दात्यांच्या चाकाने 24 दात्यांचे चाक फिरवले तर दुसऱ्या चाकाच्या एका फेऱ्यासाठी पहिल्याला तीन फेरे घ्यावे लागतात, म्हणजे दात्यांची संख्या आणि फेरे यांचे प्रमाण व्यस्त असते. अडथळा ओळखणारा संवेदक माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ मोजतो. ध्वनी 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे सेकंदाच्या एक हजाराव्या भागात आलेला प्रतिध्वनी सुमारे 17 सेंटीमीटरवरील भिंत दाखवतो. अंतराला दोनने का भागायचे, हे ध्वनीची जा-ये लक्षात आली की वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही या पद्धतीवरचे आक्षेप गंभीर आहेत. न्यूयॉर्कमधील बँक स्ट्रीट कॉलेजमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी 1980 च्या दशकात केलेल्या अभ्यासात, लोगो शिकलेल्या मुलांची इतर कामांतील नियोजनाची क्षमता अपेक्षेप्रमाणे वाढल्याचे आढळले नाही. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी 2006 मध्ये असे प्रतिपादन केले की नवशिक्याला पुरेसे मार्गदर्शन न देता शोध घ्यायला सोडले तर त्याच्या मर्यादित कार्यस्मृतीवर, म्हणजे एका वेळी मनात धरता येणाऱ्या माहितीवर, अवाजवी भार पडतो आणि शिकणे खुंटते. वर्गात याचा प्रत्यय सहज येतो. गाडी रेषेच्या पुढे गेली की मुले आकडा कमी करतात, मागे राहिली की वाढवतात, आणि अशा चाचपडण्याने पाच-सहा प्रयत्नांत गाडी नेमकी जागेवर थांबते; काम फत्ते होते, परंतु परिघ, प्रमाण किंवा आलेख यांतल्या कशालाही त्यांचा हात लागलेला नसतो.

म्हणूनच येथे शिक्षकाची भूमिका कमी होत नाही, उलट अधिक अवघड होते. चाचणीपूर्वी प्रत्येक गटाने अपेक्षित उत्तर आणि त्यामागचा हिशेब वहीत लिहावा, चाचणीनंतर प्रत्यक्ष मोजमाप लिहावे, दोहोंतला फरक नोंदवावा आणि त्या फरकाचे कारण शोधावे, असा क्रम कटाक्षाने पाळावा लागतो. परिघाचे सूत्र किंवा कोनाचा संबंध ज्या क्षणी गरजेचा ठरतो त्या क्षणी सर्वांना थांबवून तो फळ्यावर नीट शिकवणे हा प्रकल्पातला व्यत्यय नसून त्याचा आवश्यक भाग आहे. गटात साधने थोडी असल्यामुळे घरी संगणक असलेले मूल कळफलकाशी बसते आणि बाकीच्यांकडे, पुष्कळदा मुलींकडे, केवळ सुवाच्य नोंदी करण्याचे काम येते. बांधणी, मोजमाप, सूचनालेखन आणि नोंदी ही कामे आळीपाळीने सर्वांना मिळतील याची काळजीही शिक्षकालाच घ्यावी लागते.

आपल्याकडे यासाठी अनुकूल वातावरण तयार होत आहे. नीती आयोगाच्या 2016 मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांना प्रयोगशाळा मिळाल्या, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक टप्प्यावर संगणकीय सूचनालेखन आणून सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना शिकण्याची शिफारस केली. त्याच्या कितीतरी आधी, 1983 मध्ये, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापून, हाताने काम करत शिकण्याचा अभ्यासक्रम ग्रामीण शाळांपर्यंत नेला. तेथील अनुभवाचा धडा स्पष्ट आहे: साधनांपेक्षा ती वापरायला लावणारा अर्थपूर्ण प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. कपाटात बंद राहिलेला महागडा संच आणि सर्वांत वेगवान गाडीला बक्षीस देणारे प्रदर्शन, या दोन्हींतून गणिताचे शिक्षण सारखेच हरवते.

मूल्यमापनाची रीत बदलली तर हे चित्र पालटू शकते. गाडी जागेवर थांबली की नाही यापेक्षा, ती कोठे थांबेल असे गटाने आधी कोणत्या हिशेबाने सांगितले आणि चुकलेल्या अंदाजाचे कारण किती नेमके शोधले, याला गुण मिळायला हवेत. पुस्तकी गणितात उत्तर बरोबर आहे का, हे विचारण्यासाठी मुलाला शिक्षकाकडे किंवा मागच्या पानावरील उत्तरसूचीकडे वळावे लागते; रोबोच्या प्रकल्पात हा ताळा त्याला स्वतःच, मोजपट्टी हातात घेऊन, पाहता येतो. आपल्या विचाराची परीक्षा आपणच घेण्याची ही सवय बारा-तेरा वर्षांच्या वयात लागली, तर रोबोटिक्सचा संच कालबाह्य झाल्यानंतरही ती उपयोगी पडेल, आणि तिच्यासाठीच शाळेच्या वेळापत्रकात या प्रकल्पांना हक्काच्या तासिका मिळायला हव्यात.