सीडीतल्या चुका : झाकण्यापासून मोजण्यापर्यंत

नवीकोरी, नुकतीच वेष्टनातून काढलेली संगीताची सीडीही पूर्ण निर्दोष नसते. फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 मध्ये ठरवलेल्या ‘रेड बुक’ मानकानुसार सीडीवरून सेकंदाला 7350 चौकटी (फ्रेम), म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, वाचल्या जातात. त्यांतल्या 220 पर्यंत चौकटींत चूक निघाली तरी डिस्क चांगलीच समजली जाते. ऑक्टोबर 1982 मध्ये जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला तेव्हा गाजावाजा झाला तो स्वच्छ आवाजाचा. चुका होणारच, हे गृहीत धरून आखलेल्या व्यवस्थेवर तो स्वच्छपणा उभा होता. सीडीवरचं संगीत संगणकात उतरवू पाहणाऱ्यांची गाठ पुढे याच व्यवस्थेशी पडली.

या व्यवस्थेचं गणित अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी 1960 मध्येच मांडलं होतं. सीडीवर संगीताच्या दर 24 बाइटांमागे 8 बाइट केवळ दुरुस्तीसाठी असतात. शिवाय लागोपाठचे बाइट शेजारी शेजारी न लिहिता ट्रॅकवर दूरदूर विखुरलेले असतात. त्यामुळे चरा एका जागी पडला तरी नुकसान अनेक चौकटींत थोडंथोडं वाटलं जातं आणि सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड बिनचूक भरून निघतो. नुकसान त्याहून मोठं असेल तर प्लेअर आवाजाच्या मागच्या-पुढच्या नमुन्यांवरून मधल्या नमुन्याचा अंदाज बांधतो. तेही जमलं नाही, तर क्षणभर आवाज बंद करतो. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती. गाणं थांबत नाही आणि अंदाज कुठे बांधला ते कळतही नाही.

1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात घरच्या संगणकांत सीडी ड्राइव्ह आले, हार्ड डिस्क मोठ्या झाल्या, एमपीथ्री रुळलं आणि हीच सोय अडचण ठरू लागली. वाजवताना बांधलेला अंदाज त्या क्षणापुरता असतो, पण रिप करताना, म्हणजे संगीत संगणकात उतरवताना, तो फाइलमध्ये कायमचा लिहिला जातो. संगणकाच्या डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरच्या 2352 बाइटांपैकी 2048 बाइट माहितीला मिळतात आणि 276 बाइट जादा दुरुस्तीला. संगीताच्या सीडीवर मात्र सगळे 2352 बाइट संगीतच असतं, त्यामुळे जादा दुरुस्तीला जागा नाही आणि सेक्टरच्या सुरुवातीला नेमका पत्ताही नाही. वाचता वाचता ड्राइव्ह थांबला, की पुन्हा सुरू करताना तो अचूक त्याच जागी येईल याची खात्री नसे. विलंबित ख्यालाच्या शांत आलापीत मध्येच ‘टक्’ असा आवाज यायचा तो अनेकदा या सांध्यांवर. सुरुवातीच्या बऱ्याच प्रोग्रॅमांना याचं सोयरसुतक नव्हतं. ड्राइव्ह देईल ते घ्यायचं आणि फाइल तयार झाल्याचं जाहीर करायचं, एवढंच त्यांचं काम.

1998 च्या सुमारास हे बदललं. जर्मनीतल्या आंद्रे विटहॉफ यांचा एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम आला आणि लिनक्सवर क्रिस्टोफर माँटगोमेरी यांचा सीडीपॅरानोया. दोन्हींचा स्वभाव संशयी. सीडीपॅरानोया मागचा थोडा भाग पुन्हा वाचून सांधे जुळवायचा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी सुरक्षित पद्धतीत प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचायचा; दोन वाचनं जुळली नाहीत तर सोळा-सोळाच्या पाच फेऱ्या, म्हणजे एकूण 82 वेळा वाचण्याची तयारी. ड्राइव्हही काही साधेसुधे नव्हते. पुन्हा वाच म्हटलं, की डिस्ककडे न बघता स्वतःच्या मेमरीतलं मघाचंच उत्तर द्यायचे. म्हणून आधी ती मेमरी पुसायची युक्ती काढावी लागली. चरे पडलेल्या एका ट्रॅकला तासन्‌तास लागत, पण शेवटी एक लॉग हाती पडायचा आणि संशयास्पद जागा मिनिट-सेकंदासह त्यात नोंदलेली असायची. चूक झाकण्याऐवजी ती दाखवणं, हा खरा बदल होता.

तरी एक पळवाट उरलीच. एकच ड्राइव्ह एकाच जागी दर वेळी तीच चूक करू शकतो आणि मग दोन्ही वाचनं जुळतात. यावर तोड निघाली ती नव्या शतकात, ॲक्युरेटरिप या सामायिक साठ्याच्या रूपाने. आपल्या ट्रॅकची तपासणी-संख्या (चेकसम) जगभरच्या इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या संख्येशी ताडून पाहायची. वेगळी प्रत, वेगळा ड्राइव्ह, वेगळं घर, आणि तरी आकडा तोच आला तर शंकेला जागा उरत नाही. त्यासाठी प्रत्येक ड्राइव्ह किती नमुने पुढे किंवा मागे वाचतो हे मोजून तेवढी दुरुस्ती करावी लागते. पुढे क्यूटूल्स या प्रोग्रॅमने आणखी मजल मारली. त्याच्या साठ्यात डिस्कच्या तपासणी-संख्येबरोबर दुरुस्तीची माहितीही असते आणि तिच्या आधारे थोडीशी बिघडलेली रिप डिस्क पुन्हा न वाचता सुधारता येते. त्यामागचं गणित पुन्हा रीड-सॉलोमनचंच.

ॲक्युरेटरिप आलं त्याच काळात काही संगीत कंपन्यांनी नक्कल रोखण्यासाठी डिस्कमध्ये मुद्दाम चुका पेरल्या. 2005 मध्ये तर सोनी बीएमजीच्या सीडी ग्राहकांच्या संगणकात गुपचूप सॉफ्टवेअर बसवतात हे उघड झालं आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. विकत घेतलेली डिस्क नीट वाचता येऊ नये म्हणून खुद्द विकणाऱ्यानेच खटपट करावी, असा तो काळ.

खराब डिस्कवरच्या घरगुती उपायांपैकी थोडेच टिकले. मऊ कापडाने पुसायचं ते मध्यापासून कडेकडे, गोल गोल नाही, कारण ट्रॅकच्या दिशेने पडलेला चरा जास्त बाधतो. चकचकीत बाजूचा चरा घासून कमी करता येतो. छापील बाजूचं तसं नाही. तिथे ॲल्युमिनियमचा थर लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो, तो गेला की संगीतच गेलं. काही डिस्क चरा नसतानाही खराब होतात. 1988 ते 1993 या काळात इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात तयार झालेल्या बऱ्याच सीडी पुढे तांबूस पडल्या. एक ड्राइव्ह अडला तर दुसऱ्यात घालून पाहणं आणि वेग कमी करणं, हे दोन उपाय मात्र आजही सगळ्यांत आधी करावेत.

आज बहुतेक लॅपटॉपना सीडी ड्राइव्ह नाही. मुंबईतलं काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान 2016 मध्ये बंद झालं. स्ट्रीमिंगवर सगळं मिळतं हा समजही खरा नाही. छोट्या प्रकाशकांची नाट्यसंगीताची आणि मैफलींची कितीतरी ध्वनिमुद्रणं तिथे नाहीत. अशा डिस्कची नोंद ॲक्युरेटरिपमध्येही असेलच असं नाही. तेव्हा दोन वेगळ्या ड्राइव्हवर रिप करून आकडे जुळवावेत, फाइल मूळ आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या एफएलएसी (फ्लॅक) प्रकारात ठेवावी, लॉग तिच्याशेजारी जपावा, न वाचता आलेला ट्रॅक तसा नोंदवावा आणि डिस्क टाकून देऊ नये. सुरुवात करावी ती घरी बर्न केलेल्या सीडीआरपासून. कारखान्यात छापलेल्या सीडीची दुसरी प्रत कुठेतरी सापडेल. सीडीआरवरचा रंगद्रव्याचा थर मात्र उजेडाने आणि उष्णतेने उतरत जातो आणि तिच्यावरच्या खासगी मैफलीची दुसरी प्रत बहुधा कुणाकडेच नसते.