नाक्यावरची जकात

इतिहासकार इब्न खल्दून या आठवड्यात या सदरात येणार होता. त्याला बाहेर ओसरीवर बसवून ठेवलं आहे, कारण मुलुंडच्या एका वाचकांचं पत्र. गेल्या लेखातला निसाबचा, म्हणजे इस्लामी जकात लागू होते त्या किमान मालमत्तेचा, हिशेब वाचून ते विचारतात : तुमची जकात गोरगरिबांसाठी, वर्षातून एकदा, देवाला स्मरून द्यायची. आमच्या जकात नाक्यावर तर रात्रंदिवस ट्रक अडवलेले असायचे. शब्द तोच, मग ही काय भानगड?

या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आहे. शब्द अरबीतून फारसीत, फारसीतून आपल्याकडे आला आणि वाटेत त्याचा अर्थ बिघडला. मला हे उत्तर पटत नाही. नाका आपण जोडलेला नाही. तो मुळातच होता.

मालमत्ता दोन तऱ्हेची, उघडी आणि झाकलेली, हे आपण मागे पाहिलं. शेळ्या, उंट, शेतातलं पीक उघड्यावर असतं. वसूलदार येतो, मोजतो, चाळीस शेळ्यांमागे एक घेऊन जातो. पेटीतलं नाणं आणि दुकानातला माल मात्र झाकलेला. त्याची जकात तिसरे खलिफा उस्मान यांच्यापासून मालकाच्या इमानावर सोडलेली. आता हाच दुकानदार माल गोण्यांत भरून उंटावर लादतो आणि दुसऱ्या गावाची वाट धरतो. हनफी शास्त्र्यांचं म्हणणं असं, की त्या क्षणी झाकलेला माल उघडा पडला. शिवाय वाटेवर चोर-दरोडेखोरांपासून त्याची राखण सरकारच करतं. तेव्हा तिथे उभं राहून जकात मागायचा सरकारला हक्क आहे. अशा वाटेवरच्या वसूलदाराला म्हणत आशिर, म्हणजे दहावा हिस्सा घेणारा.

नाव दहाव्याचं असलं तरी सगळ्यांकडून दहावा घेत नसत. अबू यूसुफ हा हारून अल रशीदचा मुख्य काझी. त्याने खलिफासाठी लिहिलेल्या ‘किताब अल-खराज’मध्ये दुसरे खलिफा उमर यांचे दर दिले आहेत. परमुलुखातल्या व्यापाऱ्याकडून दहा टक्के, कारण तिकडचे लोक मुसलमान व्यापाऱ्यांकडून तेवढेच घेत. राज्यातल्या ख्रिस्ती-यहुदी प्रजेकडून पाच. मुसलमानाकडून चाळीस दिरहमांमागे एक, म्हणजे आपले ओळखीचे अडीच टक्के. दोनशे दिरहमांच्या आतल्या मालाला हात लावायचा नाही.

याच ग्रंथात एक गोष्ट आहे, जी मी आजवर निदान दहा जणांना सांगितली असेल. जियाद बिन हुदैर नावाचा आशिर. त्याच्यापुढे तगलिब कबिल्याचा एक ख्रिस्ती माणूस घोडा घेऊन आला. घोड्याची किंमत ठरली २० हजार. जियाद म्हणाला, ‘घोडा मला दे आणि १९ हजार घे, नाहीतर घोडा ठेव आणि एक हजार दे.’ हे फार देखणं आहे. मी लावलेली किंमत तुला जास्त वाटत असेल तर त्याच किमतीला मी विकत घेतो! घराच्या नोंदणीच्या वेळी बाजारभाव ठरवणाऱ्या साहेबांनी असं एकदा म्हणून पाहावं. त्या माणसाने हजार मोजले आणि तो घोडा घेऊन गेला.

त्याच वर्षी तो पुन्हा त्याच वाटेने आला. जियादने पुन्हा हजार मागितले. माणूस तडक मक्केला, उमर यांच्यापुढे. उमर यांनी ऐकून घेतलं आणि एकच शब्द बोलले, ज्याचा अर्थ ‘तुझं काम झालं’. बिचाऱ्याला वाटलं आपल्याला वाटेला लावलं. आणखी एक हजार भरायची मनाची तयारी करून तो परतला, तर खलिफांचं पत्र त्याच्या आधीच पोचलेलं : ज्याने एकदा भरलं, त्याच्याकडून पुढच्या वर्षी त्याच दिवसापर्यंत काही घेऊ नये.

सगळी गोम या वर्षात आहे. जकात मालावर असते, फेरीवर नसते. तीच गोणी वर्षात सात नाके ओलांडो, पैसे एकदाच. म्हणून पावती आली. आठव्या शतकाच्या सुरुवातीला खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी इजिप्तच्या वसूलदाराला लिहिलं, की घेतल्याची पावती लिहून दे, ती पुढच्या वर्षी याच वेळेपर्यंत चालेल. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त हे नोंदलेलं आहे. या पावतीचं नाव बराअत, म्हणजे मोकळीक. फारसीतून फिरून आलेला हाच शब्द आपल्या जुन्या दफ्तरांत ‘वरात’ म्हणून भेटतो. तिथे ती तिजोरीवरची किंवा महसुलावरची चिठ्ठी असते. घोड्यावरच्या नवरदेवाशी तिचा संबंध नाही. ‘हिदाया’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात तर असंही आहे, की व्यापारी शपथेवर म्हणाला, ‘मालाला अजून वर्ष झालं नाही’ किंवा ‘माझ्यावर कर्ज आहे’, तर त्याचं खरं मानून त्याला जाऊ द्यावं.

कागदावर हे असं. प्रत्यक्षात नाक्यावर पहिली विसरली जाते ती ही वर्षाची अट. ११८३ साली ग्रॅनडाचा इब्न जुबैर हजला निघालेला, अलेक्झांड्रियाच्या बंदरात उतरला. अंमलदार गलबतावर चढले आणि प्रत्येकाच्या सामानाची जकात मागू लागले. वर्ष झालं की नाही, कोणी विचारेना. बहुतेक यात्रेकरूंजवळ वाटखर्चापलीकडे काही नव्हतं. तरी कमरेच्या शेल्यांत हात घालून झडती, वर कुराणावर शपथा. पुढे नाईलच्या काठानेही तोच प्रकार. तिथे अंमलदार सामानात टोकदार सळया खुपसून पाहत. तो चिडून लिहितो, की सुलतान सलाहुद्दीनला कळलं तर तो हे बंद करील. सुलतानांना कळत नसतं, हा समज तेव्हाही होता.

माझ्या मते आपली जकात इथे जन्मली. धर्माचा दर राहिला, वर्ष गेलं, पावती त्या एका फेरीपुरती उरली. हिंदुस्थानात दरसुद्धा ओळखू येतो. १६६५ मध्ये औरंगजेबाने मालावरचा कर मुसलमानांना अडीच आणि हिंदूंना पाच टक्के ठरवला, तो उमर यांचाच तक्ता. दोन वर्षांनी मुसलमानांचा कर माफच केला. मग हिंदू व्यापाऱ्यांचा माल मुसलमानांच्या नावाने जाऊ लागला, आणि माफी मागे घ्यावी लागली.

शिवाजी महाराजांच्या वेळी तर शब्द पूर्ण सुटा झालेला दिसतो. बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीज मुलुखातलं मीठ स्वस्त पडत होतं आणि संगमेश्वराकडचं मीठ कोणी घेईना. १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. त्यात ना निसाब, ना वर्ष, ना गोरगरिबांचा वाटा. आपल्या आगरांतलं मीठ खपावं, एवढाच रोखठोक हेतू. मुंबईचे नाके १ जुलै २०१७ ला उठले, ते याच वंशातले.

इब्न खल्दून पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर एक विनंती. कोणाच्या घरी संस्थानी काळातली जकातीची पावती असेल, तर तिच्यावर मुदत लिहिली आहे का तेवढं पाहून कळवा. एका फेरीपुरती नसलेली पावती मला अजून सापडलेली नाही.