पाच नंबरच्या गेटवरचे सर

रत्नागिरीत मारुती मंदिरला उतरलं की छत्रपती शिवाजी स्टेडियम लागतं. शहरातलं दुसरं क्रीडासंकुल प्रमोद महाजन यांच्या नावाचं. आंबा घाट चढून कोल्हापूरला जा. तिथे पेठापेठांतून फुटबॉलसाठी जीव टाकणारी पोरं राजर्षी शाहू स्टेडियमवर खेळतात. मुंबईत वानखेडे आणि ब्रेबॉर्न. पहिले क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झालेले राजकारणी, दुसरे इंग्रजांचे गव्हर्नर. राजा, पुढारी, लाटसाहेब, मैदानांच्या पाट्यांवर सगळे भेटतात. पोरांना पहाटे उठवून तिथे आणणारा कोच मात्र शोधूनही सापडत नाही.

म्हणून शिवाजी पार्कच्या पाच नंबरच्या गेटवरचं छोटेखानी शिल्प मला महत्त्वाचं वाटतं. क्रिकेट कोच रमाकांत आचरेकर यांचं ते स्मारक ३ डिसेंबर २०२४ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, सचिन तेंडुलकर आणि राज ठाकरे यांच्या हस्ते खुलं झालं. त्या दिवशी विनोद कांबळीने सरांच्या आठवणीत हिंदी सिनेमातलं गाणं म्हटलं आणि त्या गाण्याचेच व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. शिल्पाकडे कोण बघतो?

आचरेकर आपल्या रत्नागिरीचेच. जन्म १९३२चा, मालवणचा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, तोवर मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. मुंबईत न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळले, मग स्टेट बँकेत नोकरी. प्रथम श्रेणीचा सामना आयुष्यात एकच, १९६३ साली, मोईन-उद-दौला स्पर्धेत हैदराबादविरुद्ध. एवढ्या भांडवलावर कुणी नाव लक्षात ठेवत नाही. पुढे कामत मेमोरियल क्लबच्या नेटमधून आणि शारदाश्रम शाळेतून बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, कांबळी, तेंडुलकर, अजित आगरकर, रमेश पोवार निघाले. १९९० साली द्रोणाचार्य आणि २०१० साली पद्मश्री आली.

शिकवायचे कसे? उन्हाळ्याच्या सुट्टीतला सचिनचा एक दिवस बघा. सकाळी साडेसातला नेट. तिथून थेट सामना. संध्याकाळी पाचला पुन्हा नेट. खेळायच्या कपड्यांचा जोड एकच, म्हणून घामाने भिजलेले कपडे धुऊन वाळवायचे आणि तेच पुन्हा चढवायचे. शेवटची पंधरा मिनिटं खरी परीक्षेची. पोरगं दमून उभं राहीनासं झालं की सर मधल्या स्टम्पवर रुपयाचं नाणं ठेवायचे. बाद करणाऱ्या बोलरला रुपया, शेवटपर्यंत टिकला तर बॅट्समनला. मग पॅड आणि ग्लोव्हज न काढता पार्काला दोन फेऱ्या. रुपयाची तेरा नाणी सचिनने आजही जपून ठेवली आहेत.

एकदा वानखेडेवर शाळेच्या मोठ्या संघाचा सामना बघायला म्हणून सचिनने स्वतःचा सामना बुडवला. सरांनी तिथेच खरडपट्टी काढली: दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, तुझ्यासाठी लोक वाजवतील असं खेळ. याच सरांनी एकोणतीस वर्षांत त्याला एकदाही ‘छान खेळलास’ म्हटलं नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये निवृत्तीच्या भाषणात तेंडुलकरने हेच सांगितलं: शिष्य शेफारेल अशी त्यांना धास्ती होती, पण आता सामनाच उरला नाही, तर म्हणायला हरकत नाही. मला आचरेकर या गोष्टीतच पुरते दिसतात. आजच्या कोचिंगच्या जाहिरातींत शाबासकीचा पूर असतो. सरांच्या नेटमध्ये शाबासकी म्हणजे दुसऱ्या दिवशी आणखी एक सामना. एक मैदान संपलं की पोराला स्कूटरवर मागे बसवून ते पुढच्या मैदानावर नेत.

हे जमलं, कारण मैदान मोकळं होतं. महापालिकेने १९२५ साली ते लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा नाव होतं माहीम पार्क. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ साली शिवाजी पार्क झालं. अठ्ठावीस एकरांची जागा. क्लबांचे नेट शेजारीशेजारी, एका सामन्याचा कव्हर दुसऱ्याच्या थर्डमॅनच्या पाठीला पाठ लावून उभा. तिकीट नाही, दारावर अडवणारं कुणी नाही. अजित तेंडुलकर धाकट्या भावाला पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा पोरगं बुजलं. अजितने सरांना विनवलं, तुम्ही लांब झाडाआडून बघा. कुंपणाच्या आत फी भरून चालणाऱ्या अकादमीत असं झाड कुठून आणायचं?

म्हणून स्मारक कोपऱ्यात आणि आटोपशीर आहे, तेच बरं. त्याच्या देखभालीची जबाबदारी कामत मेमोरियल क्लबकडे आहे, म्हणजे घरच्यांकडेच. आपल्याकडेही असं एखादं नाव असेलच. कातळावर माती आणून पिच करणारे, शाळा सुटल्यावर पदरमोड करून पोरांना फुटबॉल घेऊन देणारे पी.टी.चे मास्तर तुमच्या वाडीतही असतील. पूर्ण मैदानाला त्यांचं नाव देण्यासाठी ठराव, फाईल, कुणाची तरी नाराजी, हे सगळं ओघाने आलं. एका नेटला, एका गोलपोस्टला, पाण्याच्या टाकीला ते द्यायला ग्रामपंचायत पुरे.

मास्तरांची नावं द्यायला आपण अगदीच कमी पडतो असंही नाही. मालगुंडचे केशवसुत पेशाने शिक्षक. सावंतवाडी-दादर गाडीला २०१७ साली त्यांच्या कवितेवरूनच ‘तुतारी’ हे नाव मिळालं. ती रात्री रत्नागिरीला मिळते आणि सकाळी दादरला सोडते. स्टेशनवरून पश्चिमेला चालत शिवाजी पार्क गाठा. पाच नंबरच्या गेटवर क्षणभर थांबा आणि मग आत जा, कारण त्या वेळी नेट लागलेले असतात.