घामाला वास नसतो!

वार्षिकांकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा वर्गातल्या मित्रमैत्रिणींनी आपापले विषय मुक्रर करून टाकले. कुणी संतवाङ्मयातील समाजदर्शन घेतले, कुणी ग्रामीण कथेवर लिहायला बसला, एका मैत्रिणीने तर सुनीत या काव्यप्रकारालाच हात घातला. मी माझा विषय संपादक-सरांना सांगितला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून "काय म्हणालास?" असे दोनदा विचारले. माझा विषय होता, खेळाडूंच्या जर्सीला येणारा वास आणि तो घालवण्याचे उपाय. कला महाविद्यालयाच्या अंकात हा विषय शोभतो की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. मात्र या वासापायी आमच्या कबड्डी संघातला एक उत्तम गडी संघ सोडून चालला होता, आणि त्याला घालवणाऱ्यांत मी पहिला होतो, एवढे आधीच कबूल करून टाकतो.

त्याचे नाव इथे देत नाही. तो डाव्या कोपऱ्यात खेळतो, म्हणून आम्ही सगळे त्याला 'कोपरा' म्हणतो. घरची परिस्थिती बेताची, राहायला वसतिगृहात. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा एकदा त्याच्या हाती लागला की सुटत नाही. गेल्या हंगामात बाहेरगावचे सामने आटोपून आम्ही एस. टी. ने परत येत होतो. कोपरा माझ्या शेजारी येऊन बसला. मी नाकाला रुमाल लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "अरे, आठवड्यातून एकदा तरी आंघोळ करत जा की!" गाडीत हशा पिकला. कोपराही हसला. पुढच्या थांब्यावर मात्र तो उठून मागच्या बाकावर जाऊन बसला, आणि त्यानंतर चार दिवस सरावाला फिरकला नाही.

पाचव्या दिवशी मी वसतिगृहावर गेलो. कोपरा नळाखाली बसून ब्रशने जर्सी घासत होता. त्याच्या बोटांची साले निघाली होती. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "दिवसातून दोनदा आंघोळ करतो. जर्सी रोज धुतो. आणखी काय करू, तूच सांग." मी गप्प राहिलो. मग त्याने दोरीवर वाळलेली दुसरी जर्सी काढून माझ्या हातात दिली. मी वास घेतला. साबणाचा मंद सुगंध, बाकी काही नाही. "आता ती अंगात घाल आणि मैदानाला दोन फेऱ्या मार," तो म्हणाला.

मी जर्सी घातली आणि धावलो. दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत तोच वास माझ्या अंगाला येऊ लागला. अंग माझे, घाम माझा, सकाळची आंघोळही माझीच. आणि वास मात्र ज्याच्यासाठी मी कोपऱ्याला हिणवले होते तो! त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. लाजेबरोबर कुतूहलही जागे झाले. कोरड्या जर्सीत न सापडणारा हा वास दोन फेऱ्यांत आला कुठून?

आमच्या ओळखीच्या एक बाई शेजारच्या विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्याकडे आम्ही दोघेही गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घामाला वास असतो का रे?" आम्ही एका सुरात "असतो" म्हणालो. "नसतो!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी जे समजावून सांगितले ते माझ्या कलाशाखेच्या बुद्धीला झेपले तसे इथे मांडतो.

आपल्या शरीरात घाम देणाऱ्या ग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या ग्रंथी जवळजवळ सर्वांगावर पसरलेल्या आहेत. त्यांचे काम अंग थंड ठेवण्याचे. त्यांचा घाम म्हणजे पाणी आणि थोडे मीठ. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी प्रामुख्याने काखेत आणि जांघेत असतात व वयात येताना जाग्या होतात. त्यांचा स्राव दाट असतो, त्यात स्निग्ध द्रव्ये आणि प्रथिने असतात. याखेरीज त्वचेतून तेलही पाझरत असते. हे सारे ताजे असताना त्याला जवळजवळ गंध नसतो. पण आपल्या त्वचेवर असंख्य जिवाणूंची वस्ती असते आणि हे सारे म्हणजे त्यांचे अन्न. ते या अन्नाचे मोठे रेणू तोडतात आणि त्यांतून लहान, सहज हवेत उडणारी आम्ले आणि गंधकयुक्त संयुगे तयार होतात. आपल्या नाकाला झोंबतात ती ही. म्हणजे वास घामाचा नव्हे, जिवाणूंनी उरकलेल्या मेजवानीचा!

ही मेजवानी अंगावर झाली तर आंघोळीने निघून जाते. कपड्यावर झाली तर काय, हा खरा प्रश्न. आणि इथे कापड कोणते याला फार महत्त्व येते. पूर्वी कबड्डीचे गडी सुती गंजीफ्रॉक आणि अर्धी चड्डी घालून मातीत उतरत. आज आम्ही मॅटवर खेळतो आणि अंगात पॉलिएस्टरची जर्सी असते. हा धागा इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनतज्ज्ञांनी १९४१ साली शोधून काढला. आपल्या आजोबांच्या पिढीने तो टेरिलीन आणि टेरिकॉट या नावांनी मिरवला. कापूस आणि पॉलिएस्टर यांचे स्वभाव अगदी वेगळे. ठरावीक दमट हवेत ठेवलेला १०० ग्रॅम कोरडा कापूस सात-आठ ग्रॅम पाणी शोषून घेतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. म्हणूनच जर्सी झटपट वाळते आणि खेळताना अंगाला जड होत नाही. पण पाण्याशी फटकून वागणारा हा धागा तेलाशी मात्र गट्टी करतो. त्वचेचे तेल आणि वासाची द्रव्ये त्याला चिकटून बसतात व साध्या पाण्याला दाद देत नाहीत.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी याची रीतसर परीक्षा घेऊन २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी २६ निरोगी माणसांना तासभर व्यायामाची सायकल जोरात चालवायला लावली आणि त्यांचे घामेजलेले टी-शर्ट पिशवीत बंद करून २८ तास ठेवून दिले. मग वास पारखणाऱ्या परीक्षकांना ते हुंगायला दिले. पॉलिएस्टरच्या शर्टांचा वास सुती शर्टांपेक्षा अधिक उग्र आणि अप्रिय ठरला. मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू पॉलिएस्टरवर विशेष फोफावलेले आढळले. घामट कपडा पिशवीत बंद करून २८ तास ठेवणे, हे ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. शनिवारचा सामना संपल्यावर जर्सी बॅगेत कोंबायची आणि रविवारी रात्री आठवण झाली की काढायची, हा तर आमच्या संघाचा शिरस्ताच होता!

आता दोन फेऱ्यांतल्या त्या वासाचा उलगडा झाला. आमच्या धुण्याने जर्सीचा मळ जात होता, तेलाचा थर मात्र धाग्याला चिकटून राहत होता. त्यात वासाची द्रव्येही होती आणि जिवाणूही. कोरड्या कपड्यात हे सारे दडून बसते. अंगाची ऊब आणि ओल मिळाली की द्रव्ये हवेत उडू लागतात आणि जिवाणू पुन्हा कामाला लागतात. कोपरा रोज धूत होता हे खरे, पण धूत होता वरवरचे.

का? त्याची कारणे आमच्या नळावरच होती. वसतिगृहाचे पाणी बोअरवेलचे, म्हणजे जड. जड पाण्यातले चुन्याचे क्षार साध्या साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. साबणाचा फेस होत नाही, आणि साका कापडावर बसून तेलाला आणखी आसरा देतो. त्यात पाणी थंडगार, आणि धुणे पाच मिनिटांचे. एका मित्राने शहाणपणाने कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य आणले होते. तेही घातकच, कारण त्याचा पातळ लेप धाग्यावर बसतो आणि घाम शोषून पसरवण्याचा जर्सीचा गुण कमी करतो. सुगंधाने वास झाकला जातो, जात नाही.

वसतिगृहाचे कपडे नेणाऱ्या लाँड्रीवाल्या काकांना आम्ही हे सारे सांगितले, तेव्हा ते हसले. म्हणाले, "पोरांनो, कपडा मुरू द्यावा लागतो. तुम्ही त्याला नुसतं मारता." पूर्वी सुती कपडे भट्टीला जात. सोड्याच्या पाण्यात भिजवून त्यांना वाफ देत. त्या उष्णतेपुढे तेल टिकत नसे आणि जिवाणूही. "ही तुमची जर्सी भट्टीत घातली तर तिचं पोतेरं होईल," काका म्हणाले. बोलणे अचूक होते. उकळत्या पाण्यात पॉलिएस्टरला सुरकुत्या बसतात, आणि ताणल्या जाणाऱ्या कपड्यात जो इलॅस्टेन धागा असतो तो उष्णतेने ढिला पडतो. कापड बदलले, पण धुण्याची रीत आपण बदलली नाही. जिथे उष्णता वापरता येत नाही, तिथे वेळ खर्च करावा लागतो.

बाईंचे रसायन आणि काकांचा अनुभव एकत्र करून आम्ही जी रीत बसवली, ती अशी. खेळून आल्यावर जर्सी बॅगेत ठेवायची नाही. तिथल्या तिथे साध्या पाण्यातून काढायची. तेही जमत नसेल तर निदान दोरीवर पसरायची. धुताना ती उलटी करायची, कारण तेल आणि जिवाणू आतल्या बाजूला असतात. जुना मुरलेला वास असेल, तर आधी अर्धी बादली पाण्यात वाटीभर पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवायची. त्या सौम्य आम्लाने क्षारांचा साका सुटतो. मग ती चांगली खळबळून अर्धी बादली कोमट पाण्यात चमचाभर धुण्याची पावडर घालून अर्धा ते एक तास मुरू द्यायची. पुडीवर 'एन्झाइम' असे लिहिलेली पावडर घ्यावी. ही एन्झाइमे तेलाचे आणि प्रथिनांचे रेणू तोडतात. मात्र त्यांना वेळ लागतो, आणि कढत पाण्यात ती निकामी होतात. पाणी जड असेल तर चिमूटभर धुण्याचा सोडा त्यात टाकावा. पावडर जास्त घालून काही साधत नाही. न निघालेली पावडर कपड्यातच राहते. नंतर हाताने हलके चोळून दोनतीनदा स्वच्छ पाण्यातून काढावी आणि उलटीच वाऱ्यावर, कोवळ्या उन्हात वाळत घालावी.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. क्लोरीनचा ब्लीच वापरू नये. त्याने रंग उडतो आणि इलॅस्टेनची वाट लागते. आणि तो ब्लीच व्हिनेगरमध्ये तर कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो विषारी आहे. पावसाळ्यात खोलीतच वाळवणे भाग पडते, तेव्हा कपडे दाटीने न टांगता पंख्याखाली विरळ टांगावेत. कोंदट ओलीत वाळलेल्या धुण्याला जो कुबट वास येतो, त्यामागेही मोराक्सेला नावाचा जिवाणू असल्याचे जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले आहे.

आमच्या या रीतीची परीक्षाही झाली. एकाच सामन्यातल्या दोन जर्सी घेतल्या. एक नेहमीसारखी साबणाने घासली, दुसरी नव्या रीतीने धुतली. वाळल्यावर दोन्ही घालून दोघांनी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि कोणती कशी धुतली हे न सांगता खानावळीतल्या मावशींपुढे धरल्या. पहिली नाकाशी नेताच मावशी म्हणाल्या, "ही आधी बाहेर न्या!" दुसरीबद्दल म्हणाल्या, "हिला काय झालंय?" इतके प्रांजळ परीक्षण आमच्या उत्तरपत्रिकांचेही होत नसेल. अर्थात फार जुन्या जर्सीला दोनतीन वेळा हे करावे लागले, आणि एक तर शेवटपर्यंत सुधारली नाही.

इतके सारे झाले तरी एक काम उरले होते. पुढच्या सामन्याला निघताना एस. टी. त सगळे बसल्यावर मी उभा राहिलो आणि त्या दिवशीइतक्याच मोठ्या आवाजात सांगितले, "मागच्या वेळी वास जर्सीचा होता, त्याचा नव्हता. मी बोललो ते चुकीचं होतं." आपण माणसाला नावे ठेवून मोकळे होतो, त्याच्या अंगावरचे कापड, त्याच्या नळाचे पाणी यांची चौकशी करायचे आपल्या मनातही येत नाही. गाडीत कुणी हसले नाही. कोपरा मागच्या बाकावरून उठला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. मग त्याने शांतपणे माझ्या बाहीजवळ नाक नेले, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "अर्धा तास कमी भिजवलीस वाटतं."