शेळीच्या अंगणात कोणती झाडे लावाल?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी शेळी असेल. कोणी ती दुधासाठी पाळतो, कोणी ईदसाठी बोकड वाढवतो. मराठवाड्यात काळी उस्मानाबादी शेळी दिसते, तर नगर-नाशिककडे संगमनेरी. जात कोणतीही असो, सर्व शेळ्यांची एक सवय सारखीच असते. गाय मान खाली घालून गवत खाते. शेळी मात्र मान वर करून पाला शोधते. मागच्या दोन पायांवर उभी राहून ती उंच फांदी ओढते. म्हणूनच अंगणात आणि कुंपणाला कोणती झाडे आहेत, हे शेळी पाळणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

'शेळी सर्व काही खाते आणि पचवते' असे लोक म्हणतात. हे खरे नाही. काही झाडांचा पाला तिचा जीव घेऊ शकतो.

पहिले झाड कण्हेर. उर्दूत आपण त्याला कनेर म्हणतो. गुलाबी-पांढऱ्या फुलांमुळे ते बागेत आणि रस्त्याच्या कडेला लावतात. जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. मग भीती कसली? उन्हाळ्यात हिरवा चारा नसला की भुकेले जनावर नको ते खाते. कुंपण छाटल्यावर कोणी फांद्या गोठ्याजवळ टाकतो. त्या सुकतात आणि चाऱ्यात मिसळतात. कण्हेरीचे पान सुकले तरी त्यातील विष जात नाही. ते हृदयावर परिणाम करते आणि थोडीशी पानेही जीव घेण्यास पुरेशी होतात. पिवळ्या फुलांची कण्हेर, म्हणजे बिट्टी, तीही तशीच विषारी.

दुसरी घाणेरी. ही मूळची अमेरिकेतील. शोभेसाठी आपल्या देशात आणली आणि रानोमाळ पसरली. तिच्या पानांनी शेळीचे यकृत बिघडते. तिला कावीळ होते, ती चारा सोडते आणि उन्हात तिची कातडी भाजल्यासारखी होते.

तिसरी बेशरम. नाल्याच्या काठी फिकट जांभळ्या फुलांची ही झुडपे वाढतात. तिचे विष सावकाश भिनते. शेळीला तिची चटक लागते. काही आठवड्यांनी तिचे पाय लटपटतात आणि ती खंगत जाते. याशिवाय धोतरा, एरंडाच्या बिया आणि गुंजेच्या बिया यांपासूनही तिला दूर ठेवा.

आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. ज्या ज्वारीची भाकरी आपण खातो, तिची कोवळी रोपेही विषारी असतात. शेळीने ती चावली की पोटात सायनाइड नावाचे विष तयार होते. पाऊस लांबून रोपांची वाढ खुंटली किंवा कापणीनंतर धसकटांना नवे फुटवे आले, की धोका अधिक असतो. फुलोऱ्यानंतर तो कमी होतो. वाळलेला कडबा मात्र खुशाल घाला.

मग लावायचे काय? कुंपणाला शेवरी, हादगा आणि शेवगा लावा. ही झाडे लवकर वाढतात आणि त्यांचा पाला शेळी आवडीने खाते. सावलीसाठी कडुनिंब किंवा उंबर उत्तम. बोर आणि बाभूळ काटेरी असली तरी शेळीला ती प्रिय आहेत. सुबाभूळही चालते, पण एकटा सुबाभळीचा पाला रोज घालू नका, त्याने केस गळतात. एकूण चाऱ्यात तो एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावा.

रोप लावले की त्याभोवती काट्यांचे कुंपण करा. नाहीतर शेळी शेंडा आणि साल खाऊन ते संपवील. झाड मोठे झाल्यावर फांद्या तोडून त्यांची जुडी उंचावर टांगा. जमिनीवर टाकलेला पाला शेणामुताने खराब झाला की शेळी त्याला तोंड लावत नाही.

शेळीच्या तोंडाला फेस आला, ती थरथरू लागली किंवा तिला धाप लागली, तर वेळ घालवू नका. तेल किंवा ताक बळेच पाजू नका; ते श्वासनलिकेत जाऊन ती गुदमरू शकते. ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवा. त्यासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. शेळीने खाल्लेल्या झाडाची फांदी जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. विष कोणते हे समजले, तर उपाय लवकर करता येतो. सायनाइडवर इंजेक्शन असते, पण ते काही मिनिटांतच द्यावे लागते.

आज शाळेतून घरी गेल्यावर एक काम करा. शेळी जिथे बांधता, तिथून तिची दोरी पोहोचते तेवढ्या जागेत फिरा. प्रत्येक झाडाचे नाव उर्दूत आणि मराठीत वहीत लिहा. नाव माहीत नसेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. त्यात कण्हेर किंवा घाणेरी आढळली, तर मोठ्यांना सांगून आधी शेळीची जागा बदला. मुके जनावर आपल्या भरवशावर दोरीला बांधलेले असते. त्याच्यापुढे काय येते, हे पाहणे आपले काम आहे.